मी पायाळू कशी झाले

चहा घ्या, आणि तो निवायच्या आत माझ्या एका फजितीची हकिगत ऐकून घ्या. 'बाईंचे कधी काही चुकत नाही' असे तुम्ही सगळ्या माझ्यामागे म्हणता, हे माझ्या कानावर आहे. चुकले आहे. एकदाच चुकले, पण असे चुकले, की त्यापायी मला गिरगावात, भर दुपारी बारा वाजता, हातात लोखंडी पळी घेऊन दुष्ट शक्तीशी युद्ध करावे लागले.

हसून घ्या, मी थांबते.

पुराणातल्या वीरांना देव निवडतात. त्यांच्यासाठी आकाशवाणी होते, फुले वगैरे पडतात. माझी निवड एका अक्षराने केली. ते अक्षर म, आणि ते काढले होते मीच.

झाले असे. माझे माहेर दादरचे. लग्नाचे स्थळ आले, तेव्हा वडिलांनी मुलाकडच्यांना पत्र लिहायला घेतले. म्हणजे सांगत ते होते आणि लिहीत मी होते, कारण घरात वळणदार अक्षर माझे. स्वतःचे गुण स्वतःच्या हाताने लिहिताना मुलीला संकोच वाटायला हवा. मला काळजी होती ती फक्त वळणाची. 'मुलगी मॅट्रिक, मायाळू व कामसू आहे,' असे वडील म्हणाले आणि मी लिहिले. टाकाला त्या दिवशी नवे निब होते. 'मायाळू'तल्या म-ची गाठ मी इतकी नाजूक काढली, की ती कागदावर उमटलीच नाही. म-ची गाठ गेली की खाली काय उरते, ते घरी गेल्यावर पाटीवर काढून पाहा.

माझ्या सासूबाई कोकणातल्या. त्यांनी वाचले, 'मुलगी मॅट्रिक, पायाळू व कामसू आहे.'

पायाळू म्हणजे काय, हे हल्लीच्या मुलींना सांगावे लागते. जन्मताना ज्याचे डोके आधी न येता पाय आधी येतात, ते माणूस पायाळू. अशा माणसाला भुते दिसतात आणि भुते त्याला टरकून असतात, अशी आपल्याकडची समजूत. मी स्वतः रीतसर डोके पुढे करून जगात आले. आईला मी दोनदा विचारले आहे. पण सासूबाईंना वाटले, असली गोष्ट न लपवता आधीच कळवणारी माणसे खानदानी असली पाहिजेत. दुसरी दोन स्थळे त्यांनी परतवली. दीड वर्ष मी या समजात सुखाने नांदले, की त्या माझ्या शिक्षणावर भाळल्या.

आमची चाळ खोताच्या वाडीच्या पाठीमागे. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. चाळीतला प्रत्येक माणूस तेव्हा सिंह होता. पुरुष मोर्च्याला जात, बायका सत्याग्रहाला जात, अश्रुधुरासाठी ओले फडके कमरेला खोचून जात आणि परत येऊन डाळीला फोडणी देत. खालच्या चौकात एक फळा होता. त्यावर रोज सकाळी चळवळीच्या बातम्या लिहिण्याचे काम माझ्याकडे होते, अर्थात अक्षरामुळे. भिंतीवर चुन्याने घोषणा लिहिण्याचे काम नानांकडे होते, अर्थात आवाजामुळे. नाना हे आमच्या चाळीचे अध्यक्ष, कोर्टातले निवृत्त बेलीफ, जप्तीचे हुकूम पुकारून आवाज कमावलेले. त्यांनी एकदा हातभर अक्षरांत 'मुबंई आमची' असे लिहिले. अनुस्वार ब-वर. मी पदर खोचून, चाळीसमक्ष, तो पुसून मु-वर दिला. ज्या शहरासाठी माणसे लाठ्या खात होती, त्याचे नाव तरी नीट लिहावे, एवढेच माझे म्हणणे होते. नानांनी ते मनाला लावून घेतले.

तर अशी ही सिंहांची चाळ एका बंद खोलीला घाबरत होती.

दुसऱ्या मजल्याच्या टोकाला अडगळीची एक खोली होती. कुलूप, जाळी, धूळ, सगळे यथासांग. श्रावण संपला आणि त्या खोलीतून दुपारी बाराच्या सुमारास आवाज येऊ लागला. खर्र… थप्. खर्र… थप्. मग एके दिवशी दाराबाहेरच्या भिंतीवर काळा पंजा उमटलेला दिसला, पाचही बोटांचा. नाना तो पाहून आले आणि त्यांनी चौकात उभे राहून जाहीर केले, की हे पिशाच आहे, साधे नाही, आणि दुपारी त्या बाजूला कोणी फिरकू नये. बेलीफाचा आवाज. लगेच ऐकले सगळ्यांनी. पोलिसांच्या लाठीसमोर आडव्या पडलेल्या बायका बारा ते दोन दारे लावून घरात बसू लागल्या.

पिशाच आले म्हटल्यावर ते कोणी आणले, हाही प्रश्न आला. त्या खोलीला लागून, मध्ये नुसती फळ्यांची भिंत असलेल्या खोलीत यमुनाबाई राहत. मालवणकडच्या, विधवा, एकट्या. शिवणयंत्रावर खोताच्या वाडीतल्या ख्रिस्ती बायकांचे झगे शिवून पोट भरायच्या. चाळीत येऊन त्यांना सहाच महिने झाले होते. विधवा, एकटी आणि नवी! पिशाचाच्या मालकिणीला याहून अधिक काय लागते?

रविवारी सकाळी चाळीची सभा भरली. नाना म्हणाले, "यमुनाबाई, तुमच्याशी कुणाचं वैर नाही. पण तुम्ही आलात आणि हे सुरू झालं. अमावास्येच्या आत खोली सोडा. मालकाच्या मेहताजीला चाळीचा अर्ज गेलाय."

यमुनाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "सासरचा दार बंद झाला, म्हायारचा घर पडला. मी खंय जाव?"

जो तो आपापल्या अंगठ्याकडे पाहू लागला. आणि तेवढ्यात माझ्या सासूबाई उभ्या राहिल्या.

"त्या बाईला कशाला घालवता? भुताला घालवा. आमची सूनबाई पायाळू आहे."

मी इकडेतिकडे पाहिले. चाळीत दुसरी कोणाची सूनबाई अशी असेल तर मलाही ती पाहायची होती.

मी म्हटले, "सासूबाई, तुमचा काही गैरसमज होतो आहे." त्या म्हणाल्या, "लाजू नकोस," आणि कनवटीतून पत्र काढले. दीड वर्ष त्यांनी ते देवाऱ्यामागे ठेवले होते, वेळप्रसंगी उपयोगी पडेल म्हणून. पत्र हातोहात फिरले. मी सांगितले, की हा प नाही, म आहे. मी पायाळू नसून मायाळू आहे. यावर मागून कोणीतरी खोकले.

पत्र नानांच्या हाती गेले. त्यांनी ते उजेडात धरले, चष्मा वर केला, खाली केला, आणि आश्चर्य असे की त्यांनी माझीच बाजू घेतली.

"म असू शकेल," ते म्हणाले. "अक्षर जरा गिचमिड आहे, त्यामुळे कळत नाही."

आता तुम्हीच सांगा. समोर सुटकेचे दार सताड उघडे होते. मी फक्त 'होय, गिचमिड आहे' एवढे तीन शब्द उच्चारायचे होते, आणि घरी जाऊन कणीक मळायची होती. पण ते कोण म्हणत होते? 'मुबंई'वाले नाना!

"माझ्या अक्षरात," मी म्हणाले, "म आणि प यांची गल्लत होत नाही."

"म्हणजे प आहे?" नानांचा आवाज का कोण जाणे, बसला होता.

"जे लिहिले आहे ते स्वच्छ लिहिले आहे."

झाले. शुद्धलेखनासाठी माणसे बदनाम होतात हे मी ऐकले होते. भुताच्या तोंडी जातात हे मला नवे होते. यमुनाबाईंनी पुढे येऊन माझे दोन्ही हात धरले. त्यांच्या बोटांना सुईचे घट्टे पडले होते. ते हात सोडवून 'मी चुकले' म्हणायला जे धैर्य लागते, ते माझ्यापाशी नव्हते. भुताकडे जायला त्यामानाने कमी लागते.

नानांनी पुष्कळ अडथळे आणले. वहिनींनी जिवावर उदार होऊ नये, चाळीला त्यांची गरज आहे, फळा कोण लिहील. त्यांचा हा कळवळा पाहून मी विरघळले. शेवटी गुरुवारी दुपारी बाराला युद्ध ठरले.

पण मेहताजी बुधवारीच आला, साडेअकराला. सोबत एक हवालदार, म्हणजे बाईने रडारड केली तर धाक असावा. यमुनाबाईंचे शिवणयंत्र दोघांनी मिळून बाहेर गॅलरीत काढलेसुद्धा.

"बाई, मी काय करेल?" मेहताजी सांगत होता. "सगळा चाळवाळा लिहून दिला, भूत हाय. शेठ बोलला, खाली करून घे."

आणि त्याच क्षणी, बंद खोलीतून, खर्र… थप्.

मेहताजीने यंत्रावरचा हात काढून घेतला. हवालदाराने टोपी सारखी केली. यमुनाबाई मात्र भुताकडे न पाहता गॅलरीत ठेवलेल्या यंत्राकडे पाहत होत्या.

सासूबाई म्हणाल्या, "गुरुवारचं राहू दे. आज खोली गेली, तर उद्या भूत घालवून त्या बाईला काय त्याचं?" त्यांनी माझ्या एका हातात पळी दिली, दुसऱ्या हातात हळदकुंकवाच्या पाण्याचा तांब्या, आणि ओटीत पसाभर काळे उडीद घातले. स्वतः तीन खोल्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. सगळी चाळ त्यांच्याही मागे उभी राहिली. हवालदार चाळीच्या मागे.

दुष्ट शक्तीसमोर मंत्र म्हणावा लागतो. मला एकही येत नव्हता. मला येत होते ते मॅट्रिकचे संस्कृत. तेव्हा मी डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "रामः रामौ रामाः." मागे बायकांनी हात जोडले. द्वितीया झाली, तृतीया झाली. चतुर्थीला कोणीतरी उदबत्ती लावली. "रामस्य रामयोः रामाणाम्" येथे पोचले आणि आतला आवाज थांबला. विभक्तीचा एवढा परिणाम आमच्या संस्कृतच्या शिक्षकांनीही कधी पाहिला नसेल.

दाराला बाहेरून कुलूप होते, पण जवळून पाहिले तर ते नुसते कडीत अडकवलेले, आणि कडी चौकटीतून उखडून टांगून ठेवलेली. दार आतून लावलेले होते. कोपराने ढकलले, उघडेना. हात दोन्ही भरलेले. म्हणून मी पाय लावला. आतली खिटी कुजकी असावी. दार धाडकन उघडले आणि मी त्याच्याबरोबर आत गेले.

समोर ते उभे होते! अर्धे उघडे, कोपरापर्यंत काळे हात, कपाळावर काळा पट्टा, डोळे पांढरे. मी तांब्या त्याच्यावर रिकामा केला, उडीद फेकले आणि पळी उगारली.

"वहिनी," पिशाच म्हणाले, "स्टेन्सिल भिजली."

आवाज बेलीफाचा होता.

मी प्रथम दार लावले. एवढे मात्र मी शहाणपणाचे केले. मग डोळे उघडून नीट पाहिले. मधोमध सायक्लोस्टाइलचे यंत्र, बाजूला शाईचा डबा, दोरीवर वाळत घातलेली पत्रके. पोलिस त्या दिवसांत पत्रके जप्त करत, आणि छापणाऱ्याला आत टाकत. नाना ती येथे छापत होते. रूळ फिरला की खर्र, कागद दाबला की थप्. पिशाच त्यांनीच जन्माला घातले होते, कोणी इकडे फिरकू नये म्हणून. भुताइतका विश्वासू पहारेकरी मिळत नाही, असे ते कुजबुजत म्हणाले.

मी एक पत्रक उचलले आणि म्हणाले, "यात 'जाहिर' ऱ्हस्व आहे. दीर्घ हवा."

"वहिनी, बाहेर हवालदार आहे."

"असू द्या. आणि यमुनाबाईंना घालवायला का निघालात?"

नाना खाली पाहू लागले. "फळ्यांची भिंत आहे. पलीकडे सगळं ऐकू जातं. बाई घाबरून कुणाला बोलली तर सगळेच आत जाऊ. एका खोलीपेक्षा राज्य मोठं नाही का?"

"राज्यात राहायला माणसे लागतात, नाना. त्यांना खोल्या लागतात."

हे वाक्य मला आजही आवडते. ते म्हणताना माझे दात वाजत होते, हा तपशील मी सहसा सांगत नाही.

मी त्यांना सांगितले, की यमुनाबाई राहतील, नाहीतर मी आत्ता, या क्षणी दार पूर्ण उघडीन. नानांनी दोरीवरच्या पत्रकांकडे पाहिले, माझ्या हातातल्या पळीकडे पाहिले, आणि काळे हात जोडले.

मी बाहेर आले. साडीवर शाई, केसांत उडीद. मी फळ्यावर लिहावे तशा शुद्ध भाषेत सांगितले, "दुष्ट शक्ती मी आत बांधून ठेवली आहे. तिला केवळ शिवणयंत्राच्या आवाजाची दहशत आहे. शेजारच्या खोलीत रोज बारा ते दोन यंत्र चालले, तर ती बांधलेली राहील. थांबले तर सुटेल. आणि सुटली, की ज्याने यंत्र जागचे हलवले, त्याच्या घरी प्रथम जाईल."

मेहताजीने ते यंत्र एकट्याने उचलून आत नेले. हवालदार मदतीला येईपर्यंत तो थांबलासुद्धा नाही.

संकट मात्र टळले नव्हते. हवालदार माणूस बारीक नजरेचा. तो सरळ दारापाशी आला. "मी जरा आत बघून घेतो, बाई."

"पाहा," मी म्हणाले. दुसरे काय म्हणणार? तो कडीला हात लावता लावता थांबला.

"तुम्ही खरंच पायाळू?"

येथे खरे बोलायचे, तर नाना तुरुंगात, पत्रके चौकीत आणि यमुनाबाई रस्त्यावर. त्या दुपारपर्यंत मी आयुष्यात खोटे बोलले नव्हते. व्याकरण बिघडते असा माझा समज होता.

"हो," मी म्हणाले.

"मग एक उपकार करा." त्याने पट्टा सैल केला. "चार दिवस झाले, कमरेत उसण भरलीय. आमची म्हातारी म्हणते, पायाळूचा पाय तीनदा लागला की उतरते." आणि तो सरकारी माणूस गणवेशासकट, काठी बाजूला ठेवून, त्या गॅलरीत पालथा झोपला.

चळवळीत पुष्कळांनी पोलिसांचा मार खाल्ला. त्यांना माझा नमस्कार. पण कामावर असलेल्या हवालदाराला भर चाळीसमक्ष तीन लाथा घालून वर त्याचे आभार घेणारी मी एकटीच असेन. तो उठला, वाकला, ताठ उभा राहिला आणि मला सलाम ठोकून खोलीकडे न पाहता मेहताजीला घेऊन निघून गेला.

उसण खरोखरच गेली. हे माझे दुर्दैव.

पुढच्या मंगळवारी सकाळी आमच्या दाराशी उसण भरलेली चार माणसे होती. त्याच्या पुढच्या मंगळवारी लालबाग-परळचे गिरणीकामगार येऊ लागले. मागावर उभे राहून त्या बिचाऱ्यांच्या पाठी मोडलेल्या असत. नाही म्हणणे शक्य नव्हते. मी पायाळू नसले, तर भूत बांधलेले नसणार. भूत सुटले, तर यमुनाबाईंची खोली जाणार. सासूबाईंनी दारात सतरंजी घातली. आमचे हे कचेरीत जाताना पालथ्या माणसांना ओलांडून जात आणि काही बोलत नसत. न बोलण्याची त्यांची पद्धत फार बोलकी होती.

बारा ते दोन यमुनाबाई यंत्र चालवत आणि पलीकडे नाना रूळ फिरवत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यांच्या फटीतून नानांना विचारले होते, की कागद कापून हवेत का. त्या सगळे ऐकून होत्या, पहिल्यापासून. कोणाला एक शब्द बोलल्या नव्हत्या. पत्रके गिरगावभर गेली. एकाही पत्रकात पुन्हा ऱ्हस्वदीर्घाची चूक झाली नाही, कारण ती मी तपासत होते.

मग राज्य झाले. चाळीत तोरणे लागली, चौकात सतरंज्या पडल्या, आणि चळवळीतल्या स्त्रियांचा सत्कार ठरला. माझेही नाव होते. मी ठरवले, आता पुरे. आता पत्रके नकोत, भूत नको, आणि यमुनाबाईंची खोली कायम राहील असे मेहताजीने लिहून दिले होते. आता खरे सांगायचे. मी तीन पानांचे भाषण लिहिले. पहिलेच वाक्य, 'मी पायाळू नाही.'

नानांनी माझी ओळख करून दिली. मी उभी राहिले, कागद उघडला, घसा साफ केला आणि समोर पाहिले.

चौकात ओळीने माणसे पालथी झोपत होती. मी उभी राहिले याचा त्यांनी एकच अर्थ घेतला होता. पुढच्या रांगेत यमुनाबाई होत्या. मी खाली वाकून त्यांना म्हणाले, "अहो, निदान तुम्ही तरी! तुम्हाला सगळे ठाऊक आहे."

"माका सगळा ठावक आसा," त्या सतरंजीतून म्हणाल्या. "पण तुमचो पाय लागलो की बरा वाटता."

मी निश्चयी बाई आहे. मी भाषण सोडले नाही. एका हातात कागद धरला, दुसऱ्या हाताने निऱ्या सावरल्या, आणि चालत चालत वाचले. 'मी पायाळू नाही' हे वाक्य त्या दिवशी मी तेरा वेळा, स्पष्ट उच्चारांत म्हटले, प्रत्येक पाठीवर एकदा.

तेराही पाठींनी उत्तर दिले ते एकच. "जरा डावीकडे."